तीन खाचांचे टेकण

मित्रांनो, शालू गेल्याचे नर्सबाईंना कळले त्या दिवशी मी गोठ्यात होते. वैरणीच्या ढिगाला मला टेकवून ठेवले होते. दुसऱ्याच्या पाठीला आधार देणे हे माझे काम, आणि आता मलाच आधार लागत होता.

मी एक टेकण आहे, आता जुने झालेले. ज्या आजाऱ्याला आडवे होता येत नाही, त्याच्या पाठीमागे मला खाटेवर उभे करतात. मागे एक दांडा आहे आणि तो अडकवायला तळाशी तीन खाचा आहेत. पहिल्या खाचेत दांडा घातला की माणूस जवळजवळ ताठ बसतो. दुसरीत जरा कलतो. तिसरीत तो ऐसपैस रेलतो, आणि त्याला झोपही लागते.

त्या दिवशी मंगळवार होता. अरुंधतीबाई दर दुसऱ्या मंगळवारी लोणावळ्याहून गाडीने मळवलीला उतरत आणि तिथून चालत आमच्या भाजे गावाला येत. त्या लोणावळ्याच्या दवाखान्यात नर्स होत्या. गावात सगळे त्यांना बाईच म्हणत. छत्री मिटवून त्या अंगणात आल्या आणि थबकल्या. समोर शालूचा नवरा महिपती उभा होता. त्याचे डोके भादरलेले होते आणि मिशा काढलेल्या होत्या.

"कधी?" बाईंनी विचारले.

"आज चौदावा दिस, बाई. तुमी येऊन गेला, त्याच्या दुसऱ्या दिशी."

बाई ओट्याच्या कडेवर बसल्या.  मग त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. "कोणत्या खाचेवर होती?"

महिपतीने गोठ्याकडे पाहिले. ओट्यावर त्याचे चुलते भिमाजी आबा तंबाखू मळत बसले होते. दाराच्या आड त्याची आई झुंबरबाई उभी होती.

"पैल्या," तो म्हणाला.

"शेवटपर्यंत?"

"व्हय बाई. शेवटपतुर. टेकणावरच गेली."

मित्रांनो, हे खोटे होते. ते खोटे का होते हे तुम्हाला कळावे, म्हणून मला माझी हकिगत पहिल्यापासून सांगितली पाहिजे.

माझे लाकूड सागाचे. टेकण होण्याआधी मी अठरा वर्षे रेल्वेच्या रुळाखाली होते. मळवलीपासून लोणावळ्याच्या अंगाला जो उघडा माळ लागतो, तिथे मी स्लीपर म्हणून पडलेले असे. आधी कोळशाची इंजिने गेली, मग विजेची आली. वजन सारखेच. नथू नावाचा ग्यांगवाला रोज हातोडा घेऊन यायचा, रुळावर ठोकून आवाज ऐकायचा आणि पुढे जायचा. उन्हाळ्यात तो माझ्या टोकावर बसून भाकरी खायचा. तो कार्ले गावचा. त्याची ओळख मला तेव्हापासूनची आहे, म्हणून त्याचे नाव आताच सांगून ठेवते.

माझ्या एका कडेला चीर गेली तेव्हा मला काढून टाकले. मळवलीच्या हौशीराम सुताराने मला घरी नेले आणि पडवीत टाकून ठेवले. माझे काय करावे हे त्याला दोन वर्षे सुचले नाही.

मग एके दिवशी महिपती आणि बाई त्याच्याकडे आले. बाईंनी छत्रीच्या टोकाने मातीत एक आकृती काढली. हौशीरामने डोके खाजवले.

"बाई, ही तर शाळंतली पाटी झाली, उभी केलेली."

"पाटीच समज," बाई म्हणाल्या. "फक्त तिच्यावर माणूस टेकणार आहे. दिवसा आणि रात्रीसुद्धा. घसरता कामा नये."

"मग सागाचंच करतो. आगगाडी पेललीया त्यानं. वैनीचं काय वजन!"

दोन दिवसांत त्याने मला कापून, तासून उभे केले. मधली जागा मोकळी ठेवली. तिथे महिपतीने स्वतः काथ्याची दोरी विणली, खाटेला विणतात तशी.

महिपतीची बायको शालू तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. लहानपणी तिला मोठा ताप आला होता आणि सगळे सांधे सुजले होते. तो ताप गेला, पण जाताना हृदय दुखावून गेला. लग्नानंतर काही वर्षांनी तिला चढावर दम लागू लागला. मग सपाटीवर लागू लागला. मग पाय सुजले, पोट सुजले, लघवी कमी झाली. मूलबाळ झाले नाही. दवाखान्यात पाच आठवडे ठेवून डॉक्टरांनी तिला घरी पाठवले. यापुढे औषधाइतकीच शुश्रूषा महत्त्वाची आहे, आणि ती घरी होऊ शकते, असे बाईंनी त्यांना पटवले होते.

पहिल्या दिवशी बाईंनी महिपतीला आणि झुंबरबाईला समोर बसवले.

"हृदयाचा एक दरवाजा नीट मिटत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून पाणी मागे साठतं. बसलेली असली की ते पायात उतरतं. आडवी केली की तेच पाणी छातीत चढतं आणि श्वास कोंडतो. बुडणाऱ्या माणसासारखं होतं. दम लागला की तिला ताठ बसवायचं, पाय खाटेखाली सोडायचे, दार उघडायचं आणि गर्दी हटवायची. आडवं करायचं नाही. कुणीही सांगितलं तरी नाही."

"न्हाई करनार," महिपती म्हणाला. त्याचा हात तेव्हा माझ्या चौकटीवर होता. "माझा शबूद हाय, बाई."

मी तो शब्द ऐकला आणि धरून ठेवला.

महिपतीने काळजी घेतली, हे मला सांगितलेच पाहिजे. रोज सकाळी तो शालूच्या नडगीवर अंगठा दाबून किती खड्डा पडतो ते पाही. पाण्याला एक ठरलेला तांब्या केला होता. दिवसाचे पाणी तेवढेच. झुंबरबाई तिची भाजी वेगळी, मिठाशिवाय करी. पहिल्या पंधरवड्यात शालूच्या पाठीवर लाल वळ उठले. बाईंनी तिला पुढे वाकवून पाहिले आणि महिपतीवर रागावल्या.

"तुझ्या गाठी पुढच्या अंगाला आहेत. हिच्या अंगात पाणी आहे. इथे एकदा जखम झाली तर ती भरायची नाही. सोड सगळी वीण."

त्याने माझी सगळी वीण सोडली आणि गाठी मागे घेऊन पुन्हा विणली. वर जुन्या लुगड्याची घडी घातली. टाचांखाली भाताच्या तुसाची उशी ठेवली. दर थोड्या वेळाने तो तिला या कुशीवरून त्या कुशीवर सरकवी. नांगर धरणाऱ्या हातांना हे काम येईल असे कुणाला वाटले नव्हते. पण ते त्याला आले.

गावातल्या बायका मला बघायला येत.

"काय गं शालू, शिव्हासनावर बसलीस!"

"बसली तर!" शालू म्हणायची. "पर राणीला कुटं अळणी भाजी देत्यात? सासूबाई, येक खडा तरी टाका की वो मिठाचा."

"टाकते हां," झुंबरबाई चुलीपासून म्हणायची. "बाईला इचारून टाकते."

मग दोघी हसत. शालूचे हसणे मला तिच्या पाठीतून कळायचे. आधी दोन हसण्यांतच तिला धाप लागे. श्रावण संपला तेव्हा ती दुसऱ्या खाचेवर आली. दसऱ्याला तिसऱ्या. त्या दिवशी ती चार तास सलग झोपली, आणि संध्याकाळी भिंतीला धरून तुळशीपर्यंत चालत गेली. बाईंनी वहीत लिहून घेतले आणि माझ्या चौकटीवर दोनदा थाप मारली. मित्रांनो, अठरा वर्षे आगगाड्या पेलल्या तेव्हा मला कुणी थाप मारली नव्हती.

कार्तिकात एकदा दुपारी तिला मोठा झटका आला. शेजारून आलेला पापड तिने हौसेने खाल्ला होता. ओठ निळे पडले, तोंडाला फेस आला. महिपती घरात होता. त्याने मला ताठ केले, तिचे पाय खाली सोडले, दार उघडले आणि आलेल्या बायकांना बाहेर काढले. तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिच्याबरोबर श्वास घेत राहिला. दोन तासांनी झटका उतरला. शालूने डोळे उघडून सांगितले, "पापड लय चांगला हुता." तो रडला आणि हसलाही.

म्हणून मी म्हणते, त्याला माहीत होते. आडवे न करता झटका उतरतो, हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते.

मार्गशीर्षात, बाई येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास पुन्हा तसाच झटका आला. महिपती खळ्यावर भात झोडत होता. झुंबरबाईने माझा दांडा पहिल्या खाचेत बरोबर घातला आणि शालूचे पाय खाली सोडले. मग ती घाबरली आणि तिने हाक मारली. भिमाजी आबा आले. त्यांच्या मागून आणखी माणसे आली. दारात गर्दी झाली.

आबांनी शालूकडे एकदा पाहिले. "डोळं फिरलं. सारवून घ्या. भुईवर घ्या तिला."

तुम्हाला रीत माहीत असेल. माणूस जायला लागला की त्याला खाटेवरून खाली, सारवलेल्या जमिनीवर घेतात. खाटेवर जीव गेला तर तो घरात अडकतो असे मानतात. आबा वाईट माणूस नव्हते. त्यांनी गावातल्या कितीतरी माणसांना शेवटचे पाणी पाजले होते. आपण शालूचे भले करतो आहोत असेच त्यांना वाटत होते.

महिपती धावत आला. त्याच्या केसांत पेंढ्याचे तूस होते. शालूने त्याला पाहिले.

"बसवा," ती म्हणाली. "बसूनच ऱ्हाऊ द्या."

"आबा," महिपती म्हणाला, "बाई म्हनल्या हुत्या, आडवं करू नगा."

"बाईचं दवाखान्यात. हितं आपली रीत हाय. तुझ्या बाला म्या भुईवर घेतला, तुझ्या आज्याला घेतला. तू बायकूला खाटंवर मारनार व्हय? उद्या समदा गाव काय म्हनंल?"

महिपती दारातल्या माणसांकडे बघत राहिला. मग त्याने शालूच्या काखेत हात घातले.

मित्रांनो, दुसऱ्या कुणी घातले असते तर मी इतके बोलले नसते. तेच हात होते, ज्यांनी माझी वीण सोडून पुन्हा विणली होती. शालूने माझी चौकट मुठीत धरली. ती सोडीना. त्याने तिचे एकेक बोट सोडवले.

तिला जमिनीवर सपाट निजवले. झुंबरबाईने तोंडात तुळशीचे पान ठेवले आणि म्हणाली, "घे माझी बाय, देवाचं नाव घे." शालूने तीन वेळा उठून बसायचा प्रयत्न केला. "तडफड हाय," आबा म्हणाले. दोघांनी तिचे खांदे धरले. त्यातला एक महिपती होता. मी तीन हातांवर, रिकाम्या खाटेवर, पहिल्या खाचेत ताठ उभे होते. चुलीवरच्या डाळीला उकळी येण्याआधी सगळे संपले.

ती वाचलीच असती असे मी म्हणत नाही. हृदय थकलेले होते. आज नाही तर उद्या ती जाणारच होती, हे बाईही जाणून होत्या. मी इतकेच म्हणते, की ती बसायला मागत होती, मी तिथेच होते, आणि शब्द देणारा माणूस घरात होता.

आता त्या मंगळवारी परत येते. "टेकणावरच गेली" असे महिपतीने सांगितल्यावर बाईंनी डोळे पुसले.

"मग तू तुझं काम केलंस, महिपती," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडून काही राहिलं नाही. ध्यानात ठेव."

महिपतीने मान खाली घातली आणि ती शाबासकी घेतली. दाराआडची झुंबरबाई चुलीकडे वळली. आबांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली. पापड खाल्ल्याचे सुद्धा ज्या घरात बाईंपासून लपवले नव्हते, त्या घरात हे लपले.

बाई उठल्या आणि गोठ्यात आल्या. त्यांनी माझ्या चौकटीवरची धूळ झटकली.

"कार्ल्यात नथू म्हणून एक ग्यांगवाला आहे," त्या म्हणाल्या. "त्यालाही हेच झालंय. शिवाय लघवीतून साखर जाते आणि पायाला जखम आहे, ती भरत नाही. पाच दिवस भाताच्या पोत्याला टेकून बसलाय. पोतं घसरतं, तो कलंडतो, की पुन्हा धाप. हे टेकण मी त्याला नेऊ का?"

"न्या की बाई," महिपती एकदम म्हणाला. "मीच घेऊन येतो."

त्याने मला डोक्यावर घेतले. रूळ ओलांडून, नदी ओलांडून आम्ही कार्ल्याला गेलो. रुळांवरून जाताना मला बरे वाटले. नथूची पाठ आता माझ्यावर टेकणार होती. उन्हाळ्यात माझ्यावर बसून भाकरी खाणारा तो माणूस मला परका नव्हता.

नथूची बायको नंदाबाई दारात उभी होती. आतून नथूच्या श्वासाचा आवाज येत होता, ओल्या भात्यासारखा. दोन गावांत अंतर ते किती! बातमी आमच्या आधी पोचली होती, पण अर्धवट.

"ह्ये भाज्याचं टेकण नव्हं?" नंदाबाईने विचारले. "ती बाई ह्याच्यावरच मेली ना?"

"लाकडानं कुणी मरत नाही," बाई म्हणाल्या. "उलट तिला इतके महिने यानंच श्वास दिला."

"बाई, तुमचं खरं आसंल. पर माझा धनी येकच हाय. मेलेल्या माणसाचं टेकण त्याच्या पाठीला लावू कसं?"

"काल दोनदा कलंडला, असं आज सकाळी मळवलीला तूच सांगितलंस ना?"

"पोतं बदलीन, बाई. ह्ये नगं."

मग ती महिपतीकडे वळली. तिचा आवाज मऊ झाला. "भाऊ, तुमी सांगा. तुमच्या घरचं तुमाला ठावं. ह्याच्यावरच गेली नव्हं?"

महिपती मला डोक्यावर घेऊन उभा होता. त्याच्या मानेची शीर माझ्या लाकडाला लागून उडत होती. त्याने एवढेच सांगायचे होते, की नाही, ह्याच्यावर नाही गेली, ह्याच्यावरून मी तिला खाली ओढली आणि मग गेली. एवढे सांगितले असते तर नंदाबाईने मला घरात घेतले असते. बाईंना खरे कळले असते. आणि नथूवर कधी तशी वेळ आली, तर त्याला भुईवर घेण्याआधी कार्ल्यातल्या माणसांनी दोनदा विचार केला असता.

आतून नथू खोकला. "कोन हाय गं?" त्याने विचारले.

"कुनी न्हाई," नंदाबाई म्हणाली. "भाऊ, सांगा की."

"व्हय," महिपती म्हणाला. "ह्याच्यावरच गेली."

नंदाबाईने दार लोटून घेतले.

बाईंनी हौशीरामला नवे टेकण करायला सांगून पाहिले. त्याने पुढच्या मंगळवारपर्यंत करूनही दिले. पण नंदाबाईला तो आकारच घरात नको होता. हौशीराम म्हणाला, "माझ्या हातचं लाकूड बाधलं म्हनत्यात आता." त्याने ते मोडून त्याचे पाट केले. महिपतीने मला घरी आणून माळ्यावर टाकले.

या गोष्टीला दीड महिना झाला. बाई आता भाज्याला येत नाहीत, कार्ल्याला जातात. मंगळवारी महिपती बांधावर उभा राहतो. तिथून त्यांची छत्री दिसते. दोनदा तो नदीपर्यंत गेला आणि परत आला. घरी आल्यावर झुंबरबाईने एकदा विचारले, "सांगितलंस का रं?" म्हणजे हे सांगायला हवे, हे तिलाही कळले आहे. तो म्हणाला, "आबा गावात हाय तवर कसं सांगू?" ती म्हणाली, "आबाचं नगं सांगू. तुझं सांग." त्यावर तो उठून बाहेर गेला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला धाप लागली तर त्याला आधी बसवा. पाय खाली सोडा, दार उघडा, गर्दी हटवा. तो काय मागतो ते ऐका. त्याच्या अंगावर वळ उठले तर तुमची गाठ कुठे आहे ते बघा. शब्द देताना ज्याच्यावर हात ठेवाल, त्याला पुढे खोटे पाडू नका. आणि चूक झाली असेल तर ती जिला सांगायची आहे तिला जाऊन सांगा. मी लाकूड आहे. मला जाता येत नाही.

काल महिपतीने मला माळ्यावरून खाली काढले. ओल्या फडक्याने पुसले. सैल पडलेली दोरी ओढून बांधली, गाठी मागच्या अंगाला. मग दांडा पहिल्या खाचेत घालून मला ओट्यावर उभे केले आणि माझ्यासमोर बसून राहिला. ऊन उतरल्यावर तो उठून आत गेला.

कार्ले इथून तासाभराच्या वाटेवर आहे. नथू अजून पोत्याला टेकून बसतो. महिपतीने अजून सांगितलेले नाही.